कुर्बान मिस्त्रीचा निकाल

कुर्बान मिस्त्रीत एक मोठा दोष होता. त्याचं म्हणणं बहुधा बरोबर निघायचं. जो माणूस दहातून चार वेळा चुकतो त्याला जपून बोलायची सवय लागते. कुर्बान वर्षातून एखाद्या वेळी चुकायचा, आणि तेही कोणाच्या लक्षात यायचं नाही. त्यामुळे जपून बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

मूर्तिजापूरच्या स्टेशनाकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला त्याचं गॅरेज होतं. वर टिनाचं छप्पर, खाली गाडीच्या पोटात शिरायला खोदलेला खड्डा, भिंतीला पाने-पेचकस टांगलेले, आणि बाहेर गिऱ्हाइकांना बसायला एक लाकडी बाक. काम तो अकोल्याच्या जीप वर्कशॉपात शिकला होता. तिथल्या उस्तादाकडून त्यानं कान घेतला आणि जीभही घेतली. पंचक्रोशीत कोणी जुनी गाडी घेणार असलं की ती आधी कुर्बानला दाखवायची, हा रिवाजच होता. तो बॉनेट उघडायचा, रेस ओढायचा, डोळे मिटून ऐकायचा, एक चक्कर मारून यायचा आणि सांगायचा, "घ्या" किंवा "सोडा". सौदे त्या एका शब्दावर व्हायचे आणि मोडायचे.

त्याचे दोन नेम होते. पहिला, कोणतीही गाडी गॅरेजात शिरली की आधी बॅटरीची वायर काढून ठेवायची. तरुणपणी एका जीपमध्ये ठिणगी पडून त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. तेव्हापासून वायर सुटल्याशिवाय तो गाडीला बोट लावत नसे. दुसरा नेम, गाडी तपासायला नेताना मालकाला बरोबर घ्यायचं नाही. मालकानं बाकावर बसायचं, चहा प्यायचा. "बाजूले बसला का बोलते," कुर्बान म्हणायचा, "आन तो बोलला का इंजिन आयकू येत नाई."

ती वर्षं वाईट होती. सोयाबीन लागोपाठ दोन हंगाम गेलं, कापसाचा भाव जागचा हलत नव्हता, आणि नवी गाडी घ्यायचं नाव लोकांनी टाकलं होतं. ज्याच्याकडे जे चाक होतं तेच तो रेटत होता. साहजिकच गॅरेजात रांग लागायची. समोरचा कापडवाला दिवसभर माशा मारत बसायचा आणि आपल्याकडे हात धुवायला फुरसत नाही, याचा कुर्बानला थोडा संकोच वाटायचा. पण संकोच वाटतो म्हणून कोणी आलेली गाडी परत पाठवत नाही.

दोन हजार सोळाच्या जानेवारीत मनकर्णा आपली पांढरी डिझेल गाडी घेऊन आली. गाडी दहा वर्षांची. मनकर्णा सत्तेचाळीसची, गाव मूर्तिजापूरपासून दोन कोसांवर. नवरा देवीदास, त्याची दोन्ही मूत्रपिंडं चार वर्षांपूर्वी निकामी झाली होती आणि दर मंगळवारी व शुक्रवारी त्याला डायलिसिससाठी अकोल्याला न्यावं लागायचं. सुरुवातीला भाड्याचा ड्रायव्हर असायचा. तो कधी यायचा, कधी लग्नाच्या वरातीत सापडायचा. मग मनकर्णानं खळ्यात गाडी गोल गोल फिरवून स्वतःच शिकून घेतलं आणि रीतसर लायसन काढलं. देवीदासला हादरा सोसत नसे, म्हणून ती काटा चाळीसच्या वर जाऊ देत नसे. गावातली माणसं हसायची. बैलगाडीसुद्धा पुढं जाईल म्हणायची. ती हसणाऱ्यांना हात करायची आणि चाळीसनं निघून जायची.

"गाडी चालता चालता ढिली पडते," तिनं कुर्बानला सांगितलं. "पाय दाबलेलाच रायते, पन गाडी आयकत नाई. पिवळा दिवा लागते. बाजूले घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली, का मंग जाते."

"रोज होते?"

"रोज नाई, कवा कवा. परवा कुरनखेडच्या पुढं झालं, मांगून ट्रक येऊन रायला होता. आमच्या मालकानं त डोयेच मिटून घेतले."

तिच्याबरोबर तिचे मोठे दीर, म्हणजे भासरे, महादेवराव आले होते. ते बाकावर बसले. कुर्बाननं नेमाप्रमाणे बॅटरीची वायर काढली, डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा नळ पाहिला, आणि संध्याकाळी एकटाच गाडी घेऊन कुरणखेडपर्यंत जाऊन आला. जाताना ऐंशी, येताना नव्वद. गाडी हरणासारखी पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली, पुन्हा तेच. या गाडीला पेडलपासून इंजिनापर्यंत तार नव्हती. पेडलच्या बुडाशी सेन्सर होता, तो पाय किती दाबला ते विजेच्या इशाऱ्यानं इंजिनाला कळवायचा. असल्या गाड्यांचा कुर्बानला मनातून राग होता, कारण तिथं त्याचा कान चालत नसे. म्हणून त्यानं, नाइलाजानं का होईना, गाडी अमरावतीला कॉम्प्युटर लावायला पाठवली. तिथला माणूस फोनवर म्हणाला, एकही बिघाड नोंदलेला नाही, गाडी साफ आहे.

मग कुर्बाननं निकाल दिला. बाकावर महादेवराव होते, आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, आणि मनकर्णा खांबाला टेकून उभी होती.

"गाडीत काई नाई," तो म्हणाला. "कॉम्प्युटरनंही सांगतलं. बाईमानसाचा पाय हाये महादेवराव, पेडलवर ठरत नाई. क्लच अर्धा दाबून चालवत असन."

"क्लचवर मी पाय ठेवूनच नाई रायत," मनकर्णा म्हणाली.

तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. महादेवरावांनी किल्ली उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. ते वाईट गृहस्थ नव्हते. धाकट्या भावाला ट्रकखाली जाऊ द्यायचं नव्हतं, एवढाच त्यांचा हेतू. आणि कुर्बान मिस्त्रीनं स्वतः सांगितल्यावर आणखी विचारायचं कोणाला?

दोन आठवडे महादेवरावांनी गाडी चालवली आणि ती एकदाही ढिली पडली नाही. गॅरेजावरून जाताना ते हात बाहेर काढून ओरडायचे, "मिस्त्री, झकास!" कुर्बानला बरं वाटायचं. रात्री जेवताना त्यानं बायकोला, आयशाबीला, हा किस्साही सांगितला. ती भाकरी वाढत म्हणाली, "बाई चलाती थी, येच बहुत है." तिनं स्वतः आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. शिकतेस का, असं कुर्बाननं तिला कधी विचारलंही नव्हतं.

फेब्रुवारीत मनकर्णा एस.टी.नं आली. गाडी बरोबर नव्हती. कुर्बान खड्ड्यात होता. ती काठावर उभी राहिली आणि तो वर येईपर्यंत हलली नाही.

"हरभरा निंगाला, थ्रेशर आलं, भासऱ्यायले सवड नाई," ती म्हणाली. "शुक्रवार गेला, मंगळवार गेला. मालकाच्या पायावर बोट दाबलं त खड्डा तसाच रायते. रात्री बसून झोपतात, आडवं झालं का दम लागते. ड्रायवर पाहून रायलो, भेटत नाई. आन गाडी दारात उभी हाये, आन मले चालवता येते."

कुर्बान चिंधीनं हात पुसत राहिला.

"उद्या त्यायले नेनंच हाये. तुमी माया बाजूले बसा, अकोल्यापावतर. भासऱ्यायले इचारलं मी. ते म्हनतात, कुर्बान बसत असन त जा. गाडी ढिली नाई पडली त मी पुन्हा कवाच चावी मांगनार नाई. लोकाच्या भरवशावर त्यायचं काय व्हाचं ते हो."

"मी कोनाच्या बाजूले बसत नाई, बाई."

"म्हून त तुमाले दिसलं नाई," मनकर्णा म्हणाली.

कुर्बानला राग आला. पण पायावरच्या खड्ड्याची गोष्ट त्यानं ऐकली होती, आणि नाही म्हणायला त्याची जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदास मागच्या सीटवर उशीला टेकून बसला. चेहरा सुजलेला, श्वास तोंडानं. कुर्बान पुढं डाव्या बाजूला बसला. वीस वर्षांत तो त्या बाजूला बसला नव्हता, हात कुठं ठेवावेत हेच त्याला उमजेना. पहिले पाच किलोमीटर त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत राहिला. मग तो तिचे पाय पाहू लागला.

तिनं चप्पल काढून सीटखाली सरकवली होती. डावा पाय क्लचपासून वीतभर लांब, जमिनीवर टेकलेला. उजव्या पायाची टाच चटईवर रोवलेली आणि चवडा पेडलवर. काटा चाळीसवर. कुरणखेड गेलं, काटेपूर्णेचा पूल गेला, तो चवडा हलला नाही. कुर्बाननं आयुष्यात शेकडो ड्रायव्हर पाहिले होते. इतका शांत पाय त्यानं पाहिला नव्हता, आणि हे मनाशी कबूल करेपर्यंत बोरगाव जवळ आलं.

बोरगावच्या अलीकडेच इंजिनाचा दम गेला. पाय तसाच दाबलेला होता. काटा चाळीसवरून पस्तिसावर, पंचवीसवर आला, पिवळा दिवा लागला. मागून बसनं कर्कश हॉर्न दिला. मनकर्णानं आरशात पाहिलं, इशारा दिला, गाडी मातीच्या कडेवर घेतली आणि बंद केली. बस धूळ उडवत गेली.

"झालं," ती म्हणाली.

"आयकलं ना भाऊ?" मागून देवीदास म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, आणि तेवढं बोलूनही त्याला धाप लागली.

कुर्बान तिच्या पायाकडे पाहत होता. त्याला आता स्वतःचे ते ऐंशी-नव्वदचे फेरे आठवत होते. त्याचा पाय पेडल सर्रकन खाली न्यायचा आणि तिथंच राहायचा. महादेवरावांचाही तसाच. या बाईचा पाय तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, जाता-येता, पेडलच्या एकाच जागेवर ठेवलेला होता.

गाडी पुन्हा सुरू झाली आणि अकोल्याला पोचली. देवीदासला डायलिसिसला आत घेतलं. आता चार तास होते. कुर्बान म्हणाला, "चावी द्या, मी गाडी दाखवून येतो," आणि मग थांबून म्हणाला, "चाला, तुमीच चालवा."

अकोल्यातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे त्यानं बॉनेटही न उघडता कॉम्प्युटरची वायर जोडायला सांगितली. पडद्यावर लगेच ओळ उमटली. पेडलच्या सेन्सरात दोन पट्ट्या असतात, दोघी आपापला इशारा इंजिनाला पाठवतात. दोघींचं जुळलं तर इंजिन ऐकतं. जुळलं नाही की ते कोणाचंच ऐकत नाही, सांभाळून, मुंगीच्या पावलानं चालतं. इथं दोघींचं जुळत नव्हतं.

"नोंद आजचीच एक आहे," तो माणूस म्हणाला. "आधीही झालं म्हणता, मग त्या नोंदी कुठं गेल्या? मधे कोणी बॅटरीची वायर काढली होती का?"

"काढली होती," कुर्बान म्हणाला.

"मग पुसल्या. या जुन्या मॉडेलात बॅटरी सुटली की सगळं जातं. कोणी काढली?"

"म्याच."

मनकर्णा तिथंच स्टुलावर बसली होती. तिनं ऐकलं. ती दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं असं कुर्बानला वाटलं. अमरावतीच्या कॉम्प्युटरनं गाडी साफ आहे म्हटलं होतं ते खरंच होतं. ती साफ त्यानंच केली होती. बाईची बाजू सांगणारी एकच गोष्ट त्या गाडीत होती, आणि सवयीनं, न पाहता, त्यानं ती स्वतःच्या हातानं पुसून मग बाईला खोटं पाडलं होतं. त्याला लाज वाटली. 

लाज वाटली तरी काम अडत नाही. तो स्टिअरिंगखाली पाठीवर आडवा झाला. आधी वायर पाहिली, कारण पुष्कळदा दुखणं वायरीत असतं आणि लोक उगाच सामान बदलतात. वायर हलवली, ओढली, प्लगच्या पिना पुसल्या, सेन्सरला वीज पुरेशी पोचते का ते पाहिलं. सगळं ठीक. मग त्यानं दुकानातला वीज मोजायचा काट्याचा जुना मीटर लावला आणि पेडल हातानं, अगदी सावकाश, केसाकेसानं दाबू लागला. काटा चढत गेला, चढत गेला, आणि पेडल एक तृतीयांश दाबलं जाताच एकदम खाली कोसळला. आणखी दाबलं, पुन्हा वर आला. वीस वेळा दाबलं. वीसही वेळा काटा त्याच जागी पडला.

"बाई, अठी या. तुमी दाबा," तो म्हणाला. "चाळीसले ठेवता तसा पाय ठेवा."

मनकर्णानं पाय ठेवला. काटा थेट त्या पडत्या जागेवर जाऊन थरथरू लागला.

या मॉडेलचं नवं पेडल मिळायचं बंद झालं होतं. जुन्या सामानाच्या बाजारात तीन निघाली. कुर्बाननं प्लगचा आकार जुळवला, पाठीवरचा नंबर जुळवला, आणि दुकानदार कंटाळेपर्यंत तिन्हींना मीटर लावून सावकाश दाबून पाहिलं. पहिल्या दोन पेडलांचा काटा वाटेत अडखळला. तिसऱ्याचा सरळ चढला. तेच घेतलं. बसवायला तीन नट आणि एक प्लग, दहा मिनिटांचं काम. कॉम्प्युटरवाल्यानं नोंद मिटवली, किल्ली दोनदा बंद-चालू केली. मग मनकर्णानं गाडी चाळीसनं गावाबाहेर नेऊन परत आणली, पुन्हा नेली, पुन्हा आणली. दिवा लागला नाही.

देवीदास बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची सूज उतरली होती, श्वास सरळ झाला होता. परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर झोपला आणि बोरगाव कधी गेलं ते त्याला कळलं नाही. मूर्तिजापूर आलं तेव्हा मनकर्णानं गॅरेजकडे गाडी वळवायला घेतली. कुर्बान म्हणाला, "अठी नाई. तुमच्या घरी चाला."

घरी महादेवराव अंगणात थ्रेशरवाल्या दोन माणसांबरोबर बसले होते. कुर्बाननं पिशवीतून जुनं पेडल काढलं, पेचकसानं सेन्सरचं झाकण उचकटलं आणि त्यांच्यापुढं धरलं. आतल्या काळ्या पट्टीवर एकाच जागी, नखाएवढी, रंग पार उडालेला होता. बाकीची पट्टी नव्यासारखी होती.

"हे पाहा," तो म्हणाला. "तीन वर्सं पाय अठीच ठेवला. एका केसानं अकडे नाई, एका केसानं तकडे नाई. असा पाय मले दाखवा कोनाचा हाये. तुमी-आमी जोरात दाबून पुढं जातो, म्हून आपल्याले हे कवा दिसलंच नाई. आन कॉम्प्युटरमंदी होतं, ते म्याच बॅटरी काढून पुसलं. माया निकाल खोटा होता, महादेवराव. बाई खरं सांगून रायली होती."

थ्रेशरवाले एकमेकांकडे पाहू लागले. कुर्बान मिस्त्री चुकलो म्हणतोय, ही उद्या बाजारात सांगायची गोष्ट होती. महादेवरावांनी पेडल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"मंग आता?" ते म्हणाले.

"मंग काई नाई. चावी बाईजवळ राहू द्या."

महादेवरावांनी पेडल खाली ठेवलं. मग मनकर्णाला म्हणाले, "हरभरा झाल्यावर मी येत जाईन सोबत. बाजूले बसून." त्यांच्या परीनं ती माफीच होती.

देवीदासला आत नेऊन निजवल्यावर मनकर्णा कुर्बानला गॅरेजवर सोडायला निघाली.  गॅरेजसमोर तिनं गाडी थांबवली. कुर्बाननं दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"एक इचारू, कुर्बानभाऊ?"

"इचारा."

"मी तुमाले पयल्या दिवशी सांगतलं, पाय दाबलेला रायते आन गाडी आयकत नाई. आज मीटरच्या काट्यानं तेच सांगतलं, एक शब्द जास्तीचा नाई. त्याचं आयकलं. मायं काहून नाई आयकलं?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. नव्या तऱ्हेच्या गाड्या, कॉम्प्युटरची साक्ष, बॅटरीची वायर, भाजलेला हात. सगळं खरं होतं आणि यातलं काहीही तिनं विचारलं नव्हतं.

"तुमी बाई होत्या म्हून," कुर्बान म्हणाला. "बाप्या मानूस असता अन् तेच बोलला असता, त मी पुन्हा एक डाव पाहिलं असतं."

मनकर्णानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, समाधानही नव्हतं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून आयकाचं होतं."

कुर्बान उतरला. तिनं गाडी गिअरमध्ये टाकली, मग वाकून खिडकीतून म्हणाली, "दार नीट लागलं नाई. पुन्हा लावा."

त्यानं दार पुन्हा लावलं.